एक तारा आणि तालीम

लखनौच्या एका संशोधन संस्थेचं ग्रंथालय मी एकतीस वर्षं सांभाळलं. शास्त्रज्ञ यायचे आणि अर्धवट काहीतरी सांगायचे, "वो जो नीले कवर में था, पत्तों की बीमारी पर," आणि मी तो अंक शोधून त्यांच्या टेबलावर ठेवायचे. या कामाचा मला अभिमान होता. खरं सांगायचं तर गर्वच होता. निवृत्त झाल्यावर ही कीर्ती इंदिरा नगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कशी पसरली कोण जाणे, पण लोक मला पुस्तकांबद्दल विचारू लागले. मी कोणाला नाही म्हणत नसे. फक्त दहावी-अकरावीतल्या मुलांपासून चार हात लांब राहायचे, कारण त्यांना काय द्यायचं ते मला कधीच कळलं नव्हतं. माझ्या ग्रंथालयात त्या वयाचं कोणी कधी पाऊल ठेवलंच नव्हतं.

वरच्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहतं. आई साताऱ्याकडची, इथे एका खासगी कंपनीत नोकरी करते. वडील बँकेत, बदलीच्या गावी; शनिवारी येतात. मुलगी पंधरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत, आणि तेही अस्सल लखनवी हिंदीत, स्वतःला 'हम' म्हणत. आठव्या वर्षापासून ज्यूदो खेळत होती. जिन्यावर भेटली की तिच्या खांद्यावर बॅग आणि केस ओलेच. गेल्या फेब्रुवारीत सराव करताना तिच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. ऑपरेशन झालं. राज्याच्या निवड चाचणीला जायचं होतं, ते राहिलं. डॉक्टरांनी सांगितलं, आठ महिने तरी मॅटवर पाय ठेवायचा नाही.

एप्रिलमध्ये तिची आई एक कापडी पिशवी घेऊन माझ्याकडे आली. पिशवीत ज्यूदोचा जाड पांढरा ड्रेस होता, पट्ट्यासकट.

"ताई, हे तुमच्या कपाटात ठेवाल का? तिने जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात टाकलं होतं, देऊन टाकायला. मी गुपचूप काढलं. म्हणते, आता खेळणार नाही. दिवसभर मोबाइलवर दुसऱ्या मुलींच्या मॅच बघते आणि रडते. तिला काहीतरी वाचायला शोधून द्या ना. निदान डोकं दुसरीकडे लागेल."

मी पिशवी साड्यांच्या खाली ठेवली, डांबराच्या गोळ्यांसोबत. आणि बढाई मारावी तशी म्हणाले, "पुस्तकाचं काय, आठवड्याभरात शोधते."

आठवड्याभरात माझी जी फजिती झाली, ती इथे मोकळेपणाने सांगते. मी इंटरनेटवर लिहिलं, पंधरा वर्षांच्या मुलींसाठी चांगली पुस्तकं. याद्यांचा पाऊस पडला. दहा याद्या उघडल्यावर लक्षात आलं की सगळ्यांनी एकमेकींचीच नक्कल केली आहे. मराठीत 'किशोर साहित्य' असं शोधलं तर जिकडेतिकडे आदर्श मुलं निघाली, पहाटे उठणारी आणि आजोबांचं ऐकणारी. तरी मी सात पुस्तकं निवडली आणि त्यांचे दुवे तिला पाठवले. प्रत्येकावर तिचा अंगठा आला. सात दुव्यांना सात अंगठे, सगळे एका मिनिटात. एकही उघडला नव्हता हे सांगायला ग्रंथपाल लागत नाही.

मला राग आला. माझा राग लवकर येतो आणि जायला वेळ लावतो, असं माझे यजमान म्हणायचे. पण मी चिवटही आहे. तिची आई ऑफिसात असायची, म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी तिला हजरतगंजला फिजिओथेरपीसाठी न्यायचं काम मी आपणहून घेतलं. मेट्रो जवळ होती, पण जिने नकोत म्हणून आम्ही ऑटोने जायचो. निघताना गेटवरचे चौकीदार चाचा तिला दर वेळी विचारायचे, "बिटिया, पढ़ाई चल रही है?" येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ते हेच विचारतात, त्यात नवीन काही नाही. पण ती ऑटोत बसल्यावर दात-ओठ खायची. "सबको बस पढ़ाई की पड़ी है," म्हणायची. गुडघ्याबद्दल कोणी विचारलं तर चिडायची आणि विचारलं नाही तरी चिडायची.

एका शुक्रवारी आमचा नंबर यायला वेळ होता. मी तिला एका इंग्रजी खेळकथेची पहिली काही पानं फोनवर वाचायला दिली. आता बहुतेक पुस्तकांची सुरुवात अशी फुकट वाचता येते. मला ही सोय फार आवडते, दुकानात उभं राहून चाळल्यासारखं वाटतं. तिने दोन पानं वाचली आणि फोन परत केला.

"ये तो आखिर में जीत ही जाएगी, मावशी."

आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला माझं जुनं काम आठवलं. शास्त्रज्ञाला 'तुम्हाला काय हवं' असं विचारून कधी भागत नसे, कारण त्याला ते सांगता यायचं नाही. मी विचारायचे, आत्तापर्यंत काय सापडलं आणि ते का चाललं नाही? तेच तिला विचारलं. शेवटचं कोणतं पुस्तक अर्धवट सोडलंस आणि का?

तिने नाव सांगितलं नाही. म्हणाली, "सब ऐसे ही हैं. चोट लगती है, फिर दो पन्ने बाद ठीक हो जाती है, फिर मेडल. बीच का कोई लिखता ही नहीं."

"बीच का म्हणजे?"

"जब बाहर बैठे रहते हैं, और बाकी सब खेल रहे होते हैं."

आतून तिचं नाव पुकारलं गेलं आणि ती लंगडत गेली. मी तिथे बसून राहिले. मला तिची फार माया आली त्या वेळी. आणि कामाला लागावंसंही वाटलं, कारण आता मला प्रश्न मिळाला होता.

प्रश्न मिळाला, पण जगातल्या कुठल्याही सूचीत 'बाहेर बसलेल्यांची पुस्तकं' असा विषय नाही. खेळ, दुखापत, जिद्द, असे शब्द घालून पाहिले तर पुन्हा मेडलच मेडल. मग हात टेकून मी जिथे कधी ढुंकून बघत नसे तिथे गेले, म्हणजे वाचकांच्या अभिप्रायांकडे. आयुष्यभर मी या प्रकाराला नाकं मुरडली होती. कोणीही उठावं आणि पुस्तकाला तारे द्यावेत, हे काय? पण चार दुपारी कूलरसमोर बसून ते वाचल्यावर एक गंमत लक्षात आली. पाच तारे देणारे सगळे एकच बोलतात: अप्रतिम, डोळ्यांत पाणी आलं, नक्की वाचा. त्यातून पुस्तकाबद्दल काडीचंही कळत नाही. एकच तारा देणारा माणूस मात्र चिडलेला असतो, आणि चिडलेला माणूस नेमकं बोलतो. हे मला आधीच सुचायला हवं होतं, कारण मीही चिडल्यावरच नेमकं बोलते.

चौथ्या दुपारी एका जुन्या मराठी कादंबरीखाली असा एकच तारा सापडला. कोणीतरी तक्रार केली होती की अर्धं पुस्तक संपलं तरी नायक कुस्ती खेळत नाही, नुसती आखाड्याची माती खणतो आणि चाळतो, बाकीचे लढतात आणि हा बघत बसतो, वेळ फुकट गेला.

मी खुर्चीतून उठलेच. ते पुस्तक बाजारात मिळत नव्हतं, पण एका ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर त्याची पानं छायाचित्रं काढून ठेवलेली होती, कोणीही वाचावीत अशी. मी ते एका बैठकीत वाचलं. कुस्ती शिकणाऱ्या मुलाचा खांदा निखळतो आणि वर्षभर त्याला आखाड्याबाहेर राहावं लागतं, एवढीच गोष्ट. पुस्तकाचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर कोणीतरी ते आपल्या मुलीच्या हातात कोंबेल आणि ती मुलगी त्याला अंगठा देईल.

पुस्तक मराठी होतं याचा मला दुप्पट आनंद झाला होता, हेही कबूल करते. वाटलं, एका दगडात... जाऊ द्या. मी संकेतस्थळावरचा परिचय जसाच्या तसा तिला पाठवला. तो तीन वाक्यांचा होता. दहाव्या वर्षी त्याला तालमीत ठेवलं. वस्ताद कडक शिस्तीचे. पुढे तालीम हेच त्याचं घर झालं.

पाच मिनिटांत उत्तर आलं. "मावशी प्लीज़, पढ़ाई वाली नहीं."

माझं डोकंच फिरलं. कुठे पढ़ाई आणि कुठे काय! मला वाटलं, हिने वाचलंसुद्धा नाही. दुवा बघितला आणि तोंडावर फेकला. मी लिहिलं, "न वाचता नाही म्हणायची सवय चांगली नाही. चार दिवस डोळे फोडून शोधलंय मी." तिने ते वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या.

पुढच्या मंगळवारी ऑटोत आम्ही दोघी दोन बाजूंना बघत बसलो. मी त्रेसष्ट वर्षांची, ती पंधराची, आणि दोघी फुगलेल्या. त्या संध्याकाळी तिची आई खाली आली. फार संकोचून म्हणाली, "ताई, ती म्हणते मावशींना सांग, आता पुस्तकं नकोत. आणि ते फिजिओचंही, म्हणते, काय उपयोग." मी तिला चहा दिला आणि धीर दिला, पण ती गेल्यावर मला वाईट वाटलं. माझ्या एका तिखट वाक्याने मुलगी आणखी दोन पावलं मागे गेली होती. कपाटातली पिशवी तिथेच राहणार असं मला दिसू लागलं.

शुक्रवारी आईने बळेच पाठवली म्हणून ती आली. परत येताना आमची ऑटो एका चौकात अडकली. उजवीकडे एका शिकवणी वर्गाची रंगवलेली भिंत आहे, मी ती वर्षानुवर्षं बघते. तिच्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलंय, 'अच्छी तालीम, पक्की बुनियाद'. खाली चष्मा लावलेल्या मुलाचं चित्र. ती त्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. मीही बघत होते, आणि बघता बघता त्यातल्या दुसऱ्या शब्दाशी अडले.

मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "तालीम म्हणजे काय गं?"

तिने माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "पढ़ाई. एजुकेशन. सबको पता है."

"आणि वस्ताद?"

"उस्ताद. टीचर. आप लोग व लगा देते हैं."

"मग त्या पुस्तकात काय होतं, तुझ्या मते?"

"बोर्डिंग स्कूल. लड़के को दस साल का था तब डाल दिया, सर बहुत स्ट्रिक्ट, फिर स्कूल ही घर बन गया. मावशी, हम ऐसी किताब क्यों पढ़ें? स्कूल से तो वैसे ही परेशान हैं."

मी हसायला लागले ते थांबेचना. ऑटोवाल्याने आरशातून पुन्हा पुन्हा पाहिलं. तिने परिचयाचा शब्दन् शब्द वाचला होता, नीट वाचला होता, आणि लखनौत त्याचा जो अर्थ होतो तोच लावला होता. न समजता बोलले होते ती मीच. आमच्या महाराष्ट्र मंडळातसुद्धा नाटकाच्या तालमींना आता सगळे रिहर्सलच म्हणतात. तिने हा शब्द मराठीत ऐकायचा कुठे? एकतीस वर्षं शब्दांवर पुस्तकं शोधणाऱ्या बाईला हे सुचू नये, याची मला मनापासून लाज वाटली.

"चुकले मी," मी म्हणाले. "तू बरोबर वाचलंस. मराठीत तालीम म्हणजे अखाड़ा. कुस्ती शिकतात ती जागा."

"मतलब वो पहलवान है?"

"होणार होता. खांदा निखळलाय त्याचा. वर्षभर बाहेर बसलाय."

ऑटो सुरू झाली. तिने माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "फोन दीजिए."

त्यानंतरचा महिना माझ्या निवृत्तीतला सगळ्यात चांगला महिना होता. मलिहाबादचे दसेरी आंबे आले होते. ते बादलीत भिजत घालून आम्ही पंख्याखाली बसायचो, ती मोठ्याने वाचायची आणि मी ऐकायचे. अक्षर तिला हिंदीमुळे येत होतं, कानाला मराठी होतं, पण दोन्ही एकत्र कधी आले नव्हते. ळ दिसला की ती ल म्हणायची. "तो माती चालतो," असं तिने वाचलं आणि थांबली. "मावशी, मिट्टी चलती है क्या?" चाळतो म्हणजे छानता है, मी सांगितलं. मग मातीत ताक, हळद आणि तेल घालतात हे कळल्यावर ती पोट धरून हसली. "हमारी मैट पे तो बस डेटॉल मारते हैं."

तिचा वेग गोगलगायीचा होता, आणि मला वाटायचं ती कंटाळेल. एकदा तसं म्हणालेही. तर आंब्याची कोय चोखत म्हणाली, "हिंदी में होती तो हम पीछे के पन्ने पलट लेते. इसमें पलट ही नहीं सकते." पुस्तकाच्या मध्यावर एक जागा आहे, जिथे तो मुलगा बाकीच्यांचे लंगोट धुऊन वाळत घालतो आणि स्वतःचा बाजूला ठेवतो. ती तिथे थांबली. वाचायची राहिली आणि उठून हात धुवायला गेली. बराच वेळ नळ वाहत होता. पुस्तक असताना आपण बोलायचं नसतं, एवढी अक्कल मला आता आली होती.

शेवटची वीस पानं तिने एकटीने वाचली. मला त्याची धास्ती होती, कारण शेवट मला ठाऊक होता. तो मुलगा जिंकत नाही. हरतही नाही. तो वर्षाने आखाड्यात उतरतो, माती कपाळाला लावतो आणि समोर बघतो. पुस्तक तिथेच संपतं. दोन दिवस ती खाली आलीच नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला. "पूरी हो गई. लड़ाई दिखाई ही नहीं." आणि थोड्या वेळाने आणखी एक. "अच्छा किया."

मग ती स्वतःच शोधू लागली. एका ताऱ्याची युक्ती मी तिला शिकवली होती, ती तिला माझ्यापेक्षा चांगली जमते. पहिली पानं चाळते, ऐकायची पुस्तकं असतील तर पाच मिनिटांचा नमुना ऐकते, आवाज आवडला नाही तर पुढे जाते. मला विचारते, "मावशी, इसमें किसी ने लिखा है कि लड़की बहुत बदतमीज़ है, ले लें?" मी म्हणते, घे. शाळेतल्या दोन मैत्रिणींनाही ती आता पुस्तकं सुचवते. सुचवण्याआधी त्यांना विचारते, आखिरी वाली क्यों छोड़ी थी? माझा प्रश्न तिच्या तोंडून ऐकला की मला फार बरं वाटतं.

पण पिशवी कपाटातच होती. पावसाळा गेला, दिवाळीची साफसफाई आली, मी साड्या काढल्या आणि पिशवी पुन्हा तिथेच ठेवली. डॉक्टरांनी ऑक्टोबरच्या शेवटी सांगितलं की हलका सराव चालेल. आई मुलीला काही बोलली नाही आणि मीही नाही. मुलीला वाटत होतं ड्रेस केव्हाच कोणाला तरी देऊन झालाय. आम्ही दोघी वाट बघत होतो, आणि ही वाट बघणं मला जमत नाही, सारखं काहीतरी बोलावंसं वाटतं.

एका संध्याकाळी पाच वाजता बेल वाजली. ती दारात होती, गुडघ्याला पट्टा बांधलेला, खांद्यावर बॅग.

"मम्मी कह रही हैं, हमारा कुछ है आपके पास."

मी पिशवी आणून दिली. तिने ड्रेस बाहेर काढला, नाकाशी नेला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "मावशी, ये तो गोलियों से गंधा रहा है. सब हँसेंगे." पण तो बॅगेत घातला, घडी मोडू नये असा नीट घातला. मी काही बोलणार होते, तोवर ती एकेक पायरी धरत खाली गेलीसुद्धा.

मी बाल्कनीत आले. ती गेटपाशी पोहोचली होती आणि चौकीदार चाचांनी खुर्चीतूनच विचारलं, "कहाँ चलीं बिटिया?"

तिने वर पाहिलं. मी दिसले तशी हसली.

"तालीम पे जा रहे हैं, चाचा."

चाचा खूश होऊन उठले आणि त्यांनी स्वतः गेट उघडलं. "बहुत अच्छा. देखो बिटिया, कुछ भी हो जाए, तालीम बीच में न छोड़ना."

"अब नहीं छोड़ेंगे," ती म्हणाली.